साथ आली तर मंडईचं नाटक, भजन, वाचनालय यांचं काय करायचं? विदर्भातल्या गावांचे अनुभव सांगा

धानकरी
मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. गावच्या नाट्य मंडळाचं काम पाहतो. कोरोना येऊन गेला, सगळं पहिल्यासारखं झालं, मंडईत (आमच्याकडे दिवाळीनंतर भरणारी गावजत्रा) पुन्हा पाय ठेवायला जागा नसते. पण त्या दोन हंगामांत कुणी काय केलं, कुणाचे पैसे अडकले, कलाकार कसे जगले हे आमच्याकडे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. रात्री दहानंतर सुरू होतं, पहाटे संपतं. कंपन्या बहुतेक वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या. गावचं मंडळ नाटक ठरवतं, ॲडव्हान्स देतं, तिकीट लावतं. खर्च जाऊन जे उरतं त्यातून देवळाचं नाहीतर शाळेचं काम होतं. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांच्या बैठकीत सोयरिकी जुळतात. २०२० ची होळी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होऊन गेली होती, टाळेबंदी त्यानंतर लागली, त्यामुळे तो हंगाम बहुतेक उरकला होता. मार बसला तो पुढच्या हंगामाला.

माझं मत आधीच सांगतो. ज्या संस्थेची वस्तू घरोघर नेता येते ती संस्था तगली. जिला माणसं एका जागी जमवावी लागतात ती कोलमडली. अशा संस्थांनी पैशाची तजवीज आधीपासूनच करायला हवी. पटत नसेल तर खोडून काढा, पण आपापल्या गावात काय झालं तेही सांगा.

वैनगंगा
चांगला विषय काढला भाऊ. आमच्याकडे (पवनी भागात) २०२० च्या भाऊबीजेला नाटकच झालं नाही. ५ नोव्हेंबरपासून नाट्यगृहांना अर्ध्या क्षमतेने परवानगी मिळाली होती खरी, पण ती बंदिस्त नाट्यगृहांना. आमचा पेंडॉल उघड्या वावरात. खुर्च्या किती, क्षमता किती, अर्धी म्हणजे किती, हे ठरवणार कोण? मंडळाचे लोक तहसील आणि पोलीस ठाण्यात चकरा मारून थकले. शेवटी म्हाताऱ्यांनीच सांगितलं, राहू द्या यंदा.

२०२१ ला तर उमेद होती. २२ ऑक्टोबरला नाट्यगृहं उघडली, दिवाळी ४ नोव्हेंबरची, म्हणजे अगदी वेळेवर. मग एसटीचा संप आला. त्यातून सावरतो न सावरतो तोच डिसेंबरच्या शेवटी रात्रीची जमावबंदी आणि १० जानेवारीपासून रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी. आमचं नाटक नेमकं त्याच वेळात असतं! मुंबई-पुण्यात साडेआठचा प्रयोग साडेअकराला संपतो, तो थोडा अलीकडे घेता येतो. आम्ही काय अलीकडे घेणार? नियम करताना झाडीपट्टीचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

खोब्रागडीकाठ
आमच्या शेजारच्या गावाने दिवसा नाटक लावून पाहिलं होतं. धानाची मळणी सुरू, बाया-माणसं सगळी खळ्यावर. पुढच्या रांगेत पोरं आणि दोन-चार म्हातारे. शेवटच्या अंकाला तेही जेवायला गेले.

पेटीमास्तर
मी नाटकात पेटी वाजवतो. नाव-गाव सांगत नाही. धानकरी भाऊंनी पैशाचा विषय काढला म्हणून लिहितो.

लोकांना वाटते नाटक रद्द झालं म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. तसं नसते. मंडळ दिवाळीच्या आधी कंपनीला ॲडव्हान्स देते. कंपनी त्यातून आम्हाला उचल देते. ती उचल आम्ही पावसाळ्यातच खाऊन बसलेलो असतो. पोराची फी, घरावरचे कवेलू, दुकानाची उधारी. हंगाम सुरू झाला की नाईटच्या पैशातून उचल फिटत जाते. २०२० मध्ये नाटकं रद्द व्हायला लागली तशी मंडळं कंपनीकडे गेली, आमचे पैसे द्या. कंपनी आमच्याकडे आली, उचल द्या. आम्ही कुठून देणार? खोटं कुणी बोलत नव्हतं. मंडळाचे पैसे वर्गणीचे, कंपनीवाल्यानं परदे-साउंड साठी कर्ज काढलेलं, आणि आमच्या घरात तर उन्हाळ्यापासूनच चुलीची चिंता.

मी त्या वर्षी तेंदूपत्ता तोडला, रोवणीला गेलो, रोजगार हमीवर माती उचलली. आमच्यातली एक स्त्रीपात्र करणारी ताई, नागपूरकडची, हंगामात वडशाला खोली करून राहायची. तिनं भाजीचं दुकान लावलं. तबलजी मित्रानं तबला विकला नाही, पण त्याची शाई सादळून गेली, हात लावायला मन होत नव्हतं म्हणे. माझ्या पेटीचे दोन सूर त्याच पावसाळ्यात बसले. पेटी बंद राहिली की भात्याच्या घड्यांत कसर लागते, सुरांच्या पट्ट्यांवर गंज चढते, चाब्या फुगून अडकतात. वाद्यं वाजत राहावी लागतात. हे कोणत्या मदतीच्या फॉर्मात लिहायचं?

पळसफूल
पेटीमास्तर काका, वाचून थांबले थोडा वेळ. लिहिलंत ते बरं केलंत. सरकारने २०२१ मध्ये एकल कलाकारांना पाच हजारांची एकरकमी मदत जाहीर केली होती, ती मिळाली का तुम्हाला?

पेटीमास्तर
मले नाही मिळाली. कलाकार असल्याचा पुरावा पाहिजे. नाटकाच्या पोस्टरवर हिरो-हिरोइनचं नाव मोठं असते, आमचं बारीक, कधी नुसतं ‘संगीत साथ’ लिहून सोडतात. जुने पोस्टर कोण जपून ठेवते ताई.

पुण्यातला_साकोलीकर
वेगळी बाजू मांडतो. मी गेली काही वर्षं पुण्यात नोकरीला आहे. त्या काळात झाडीपट्टीची नाटकं यूट्यूबवर जेवढी पाहिली तेवढी आधी कधी पाहिली नव्हती. आई-बाबा इथे अडकले होते, रोज रात्री जेवणं झाली की एक अंक. बाबांना दिसायचं कमी, ते नुसते ऐकायचे आणि ‘हा आवाज अमक्याचा’ म्हणून ओळखायचे. धागाकर्त्याने ऑनलाइनचं नावही काढलं नाही. मला वाटतं कंपन्यांनी नीट तिकीट लावून थेट प्रयोग दाखवले असते तर गावाबाहेर राहणारे आमच्यासारखे हजारो लोक पैसे द्यायला तयार होते.

धानकरी
भाऊ, तुमच्या बाबांचं वाचून आनंद झाला. पण यूट्यूबवर जी नाटकं होती ती बहुतेक जुनी, कुणीतरी मोबाइलवर काढलेली. त्यातला एक रुपया पेटीमास्तरांपर्यंत पोचला नाही. थेट प्रयोगासाठी कॅमेरे, इंटरनेट, एका जागी जमलेले पंचवीस-तीस कलाकार हे सगळं लागतं. आमच्या गावात पावसाळ्यात टॉवर दोन-दोन दिवस बंद असतो.

शिवाय झाडीपट्टीच्या नाटकाला समोरची माणसं लागतात. गाण्याला वन्समोअर मिळतो, एखाद्या वाक्यावर बक्षीस पुकारलं जातं, व्हिलनला बाया उठून शिव्या देतात. कलाकार त्यावर लांबवतो, आखडतो. रिकाम्या वावरात कॅमेऱ्यापुढे तेच नाटक केलं तर दीड तासात संपेल.

पुण्यातला_साकोलीकर
मान्य, पण ‘आमचं नाटक असंच असतं’ म्हणून दार बंद करू नका. पुढच्या साथीपर्यंत टॉवर सुधारलेला असेल. प्रत्येक कंपनीने चांगल्या हंगामात एक तरी नाटक नीट चित्रित करून ठेवलं, आणि ते दाखवलं तर कलाकारांना किती वाटा हे आधीच कागदावर ठरवलं, तर बंदीच्या काळात काहीतरी हाती येईल. एवढंच म्हणणं आहे.

पेटीमास्तर
हे पटलं. वाटा लिहून असला तर हरकत नाही.

ग्रंथपाल_ड_वर्ग
मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. नावातच वर्ग आला आहे, ड म्हणजे अनुदानाच्या वर्गवारीत सगळ्यात खालचा, तेव्हा परिस्थिती कळली असेल. एक खोली, चार कपाटं, सहा-सात वर्तमानपत्रं.

टाळेबंदी लागली तशी वर्तमानपत्रं यायची बंद झाली. आमच्याकडे रोज सकाळी येणारे बरेचसे लोक फक्त पेपरसाठी येतात. म्हातारी मंडळी अस्वस्थ झाली, कारण बातमी म्हणून त्यांच्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरचं काहीबाही येत होतं आणि ते घाबरवणारं होतं. मी काय केलं तर सरकारी सूचनांचे कागद हाताने मोठ्या अक्षरात लिहून दारावरच्या फळ्याला लावायला लागलो. लोक येता-जाता उभ्याने वाचत.

पुस्तकं १५ ऑक्टोबरपर्यंत अधिकृतपणे देता येत नव्हती, वाचनालयं तेव्हा उघडली. उघडल्यावर परत आलेलं पुस्तक तीन दिवस वेगळ्या खोक्यात ठेवायचं आणि मग कपाटात, असा नियम केला. खोक्यावर वाराचं नाव. त्यातून एक गंमत झाली. लोक कपाटापेक्षा त्या खोक्यातली पुस्तकं जास्त मागायला लागले, कारण ‘कुणीतरी आत्ताच वाचून दिलंय म्हणजे चांगलं असणार’. आजही परतीची पुस्तकं मी वेगळ्या रॅकवर ठेवतो आणि ती सगळ्यात आधी जातात.

धानकरी भाऊंच्या मताप्रमाणे आम्ही तगलो, कारण पुस्तक घरी नेता येतं. पण तगलो म्हणजे काय? अनुदानाचा हप्ता लांबला आणि त्यातूनच माझं मानधन निघतं. वाचनालय चालू राहिलं, ग्रंथपाल शेतात मजुरीला. अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला तो २०२२ च्या शेवटी. तुमच्या व्याख्येत माणूसही मोजा.

धानकरी
हे अगदी रास्त आहे. माझ्या मतात ही बाजू नव्हतीच.

तिवसेकर
आमच्याकडे भजनाची गोष्ट. तिवसा तालुका म्हणजे गुरुकुंज मोझरी आमच्या दारात. गावात रोज संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. सगळे ओळीत, शांत बसून. साथ आली तेव्हा मंडळात वाद झाला. काहींचं म्हणणं, प्रार्थना बंद पडली तर मग उरलं काय. काहींचं म्हणणं, महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्यावर लिहून ठेवलंय, तेव्हा गर्दी करून आपण त्यांचंच ऐकत नाही आहोत.

तोडगा निघाला तो भोंग्याचा. मंदिरात एक जण खंजिरी घेऊन बसणार, माइकवर प्रार्थना म्हणणार, बाकीचे आपापल्या ओट्यावर बसून म्हणणार. पहिल्या दिवशी आवाज मागेपुढे व्हायचा, खालच्या वस्तीला ऐकू येईपर्यंत वरच्या वस्तीचं कडवं संपलेलं. मग दोन ओळींमध्ये थांबायचं ठरलं. पंधरवड्यात सगळं गाव एका लयीत आलं. ज्या घरातल्या बाया कधी प्रार्थनेला येत नव्हत्या, सैपाकात असायच्या, त्या पहिल्यांदा सामील झाल्या. नंतर प्रार्थना पुन्हा मंदिरात सुरू झाली तेव्हा त्यांनीच सांगितलं, भोंगा बंद करू नका. आजही एक भोंगा चालू असतो.

पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, लाखो लोक जिथे असतील तिथे उभे राहतात. २०२० ला आम्ही वावरात उभे राहिलो. सोयाबीनचा हंगाम, गंजी लावणं सुरू होतं. मळणीयंत्रवाल्यानं यंत्र बंद केलं, तो दुसऱ्या जिल्ह्यातला होता, त्याला माहीतही नव्हतं. पण थांबला.

वऱ्हाडी_पाव्हना
भोंग्यावरून आठवलं. आमच्या गावात सप्त्याच्या टायमाला माइक चालूच राहिला न महाराजाच्या घरी! कीर्तन सरलं, माइक तसाच. मंग घरातून आवाज, ‘चाय माले काऊन नाही ठेवली, गावाले उपदेश करून घसा माझा कोरडा पडला.’ अख्ख्या गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी महाराजाच्या घरी सात घरातून चाय आली.

पळसफूल
😄 सात घरांतून चहा! फारच गोड.

उपकेंद्र_सिस्टर
मी आरोग्य उपकेंद्रात काम करते, अमरावती जिल्ह्यातच. धागा आवडला, पण एक गोष्ट स्पष्टपणे मांडायची आहे. नाटक, सप्ता, जत्रा बंद होती याचं दुःख सगळ्यांना आहे, ते मलाही होतं. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची सुरुवात राज्यात ज्या भागांतून दिसली त्यात आमचा जिल्हा होता. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा कडक बंदी लागली. तेव्हा लग्नं, तेरव्या, हळदीकुंकू यांतून घरंच्या घरं आजारी पडलेली मी पाहिली आहेत. रात्रभर एका पेंडॉलमध्ये खेटून बसलेली दोन हजार माणसं, त्यांत म्हातारी, लहान लेकरं, आणि पहाटे तीच माणसं दहा गावांत परत जाणार. बंदी चूक नव्हती. भरपाई न देता बंदी घातली, ही चूक होती. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

दुसरं असं की आम्हाला कलाकारांची फार गरज होती आणि आम्ही त्यांना पुरेसं बोलावलं नाही. १ एप्रिल २०२१ पासून ४५ च्या पुढच्यांना लस सुरू झाली. गावात अफवा, लस घेतली की माणूस मरतो, ताकद जाते. मी आणि आशाताई घरोघर सांगत होतो, लोक दार लावून घेत होते. मग सरपंचांनी आमच्या भागातल्या खडी गंमतवाल्या (खडी गंमत म्हणजे इकडचं लोकनाट्य) शाहिराला बोलावलं. पेंडॉल नाही, गर्दी नाही. डफ, तुणतुणं, तीन माणसं, एका वेळी एकच गल्ली. लोक दारातूनच ऐकायचे. नाच्या (बाईच्या वेशातला कलाकार) सवाल करायचा, शाहीर उत्तर द्यायचा, तेच लोकांच्या मनातले प्रश्न. ‘माझा नवरा लस घेऊन आला अन् दिवसभर झोपला, आता काय करू?’ ‘ताप एक दिवसाचा, उद्या डवरणीला पाठव!’ लोक हसले की आम्ही पुढे व्हायचो.

गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हे नवीन नाही. ते कीर्तनाआधी गाव झाडायचे आणि कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे.

पेटीमास्तर
सिस्टर, बंदी चूक नव्हती हे मलाही मान्य आहे. माझे काका त्याच एप्रिलमध्ये गेले. आम्हाला काम मागायचं होतं, गर्दी नाही. तुमच्या शाहिराला मानधन मिळालं का?

उपकेंद्र_सिस्टर
काकांचं ऐकून वाईट वाटलं. मानधन सरपंचांनी गावातून जमवून दिलं. आमच्याकडून काही तरतूद नव्हती. व्हायला हवी होती.

मेळघाटवाला
धारणी भागातला अनुभव. इकडे कोरकू वस्त्या. मराठीतले फलक लावून कुणी वाचत नव्हतं, हिंदीत सांगितलेलं अर्धवट पोचायचं. कोरकूत बोलणारी आमचीच पोरं, शिक्षक, आशा यांनी मोबाइलवर छोटे छोटे व्हिडिओ केले. पण खरा फरक पडला तो आमच्या वस्तीवरच्या भूमकाने लस घेतली तेव्हा. लोक त्याच्याकडे आजारपणात जातात, देवाचं तोच करतो. त्याने आधी सरळ नाही म्हटलं होतं. डॉक्टरबाईंनी त्याला समजावायला येताना घाई केली नाही, त्याच्या अंगणात बसल्या, तो काय औषध देतो ते विचारलं, मग आपलं सांगितलं. तिसऱ्या खेपेला तो स्वतः उठून केंद्रावर आला. दुसऱ्या दिवशी रांग.

होळीचा फगवा (ढोल वाजवत फिरून पैसे मागायची रीत) मात्र आम्ही वस्तीपुरताच ठेवला. बाजारात ढोल घेऊन फिरायचं नाही असं वस्तीच्या पंचांनी सांगितलं. पोरं नाराज झाली पण ऐकलं.

भुलाबाईची_सखी
एवढ्या मोठ्या विषयांत मी छोटं सांगते. यवतमाळकडे भुलाबाईला (भोंडल्यासारखा पोरींचा सण) पोरी घरोघरी जमतात, गाणी म्हणतात, शेवटी खाऊ ओळखायचा असतो. डबा झाकलेला, नुसता हलवून आवाज ऐकायचा. २०२० ला माझ्या भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी व्हिडिओ कॉलवर भुलाबाई बसवली. डबा फोनजवळ नेऊन हलवायचा! शेंगदाणे की फुटाणे यावर भांडण, कारण फोनवर दोन्हींचा आवाज सारखाच. शिऱ्याचा डबा असला की काहीच आवाज नाही, मग पोरी ओरडायच्या, ‘मऊ आहे, मऊ आहे!’ आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता त्या दोन पोरी खिडकीखाली उभ्या राहून गायच्या, त्यांना खाऊ खिडकीतून. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

पुण्यातला_साकोलीकर
बघा, ऑनलाइन जमतं 🙂

भुलाबाईची_सखी
जमतं, खिडकीसकट.

जुनीपाने
रोगराई आणि आपल्या रीती हे नातं जुनं आहे, म्हणून थोडं मागे जातो.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि तेव्हाचा मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वांत जास्त झळ बसलेल्या भागांपैकी होता. त्याआधी प्लेग, पटकी. गावाच्या वेशीवरचं मातामायचं ठाणं, मरीमायचा गाडा वेशीबाहेर नेणं, हे सगळं त्या भीतीतून आलेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत (रोगराईचा पुतळा) काढतो, ‘ईडा पीडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत गावाबाहेर नेऊन जाळतो. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक शंभराहून जास्त वर्षांची. २०२० ला ती निघू शकली नाही. रोगराई घालवायची मिरवणूक रोगराईमुळेच थांबली. मला त्यात देव कोपला वगैरे काही दिसत नाही. लोकांनी थांबायचं ठरवलं, एवढंच दिसतं. आमच्या गावात घरोघरी पोरांनी पळसाच्या फांद्या घेऊन आपापल्या दारापासून वेशीपर्यंत एकेकट्यानं नेल्या. झडत्या (पोळ्याची गाणी) घरूनच म्हटल्या.

पालख्यांचंही तसंच. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी २०२० आणि २०२१ ला पायी पंढरपूरला गेली नाही, २०२२ ला निघाली. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखी, जिची परंपरा १५९४ पासूनची सांगतात, ती २०२० ला मोजक्या माणसांसह एसटीने नेली. पायीवारीच्या माणसाला एसटी म्हणजे मोठी तडजोड. पण पालखी पोचली. कोणती गोष्ट सोडायची आणि कोणती धरून ठेवायची हे वारकऱ्यांनी बरोबर ओळखलं: पायी चालणं सोडलं, आषाढीला पोचणं धरलं. धानकरी भाऊ, तुमच्या मंडळानेही हेच आधी ठरवावं, नाटकातलं काय सोडता येतं आणि काय नाही.

निळी_पहाट
विहारांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. उमरेड तालुका. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावातून तीन-चार गाड्या दीक्षाभूमीला जातात. २०२० ला दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही. त्याआधी एप्रिलची जयंतीही घरातच झाली होती. दीक्षाभूमीवर माणूस वंदन करतो आणि पुस्तकं घेऊन घरी येतो. तिथे पुस्तकांची जेवढी विक्री होते तेवढी फार कमी ठिकाणी होत असेल. आमच्या घरी वर्षाची पुस्तकं त्याच दिवशी येतात. लहान विक्रेत्यांचं वर्ष त्या दोन-तीन दिवसांवर चालतं.

आमच्या विहाराच्या महिला मंडळाने दरवर्षीचे गाडीभाड्याचे पैसे एकत्र केले आणि ओळखीच्या एका विक्रेत्याकडून फोनवर यादी सांगून पुस्तकं मागवली. खोकी आली, विहारात एकेक कुटुंबाने येऊन आपली पुस्तकं नेली. वंदना आपापल्या घरी, पांढरे कपडे घालून, ठरल्या वेळी. त्या विक्रेत्याने नंतर सांगितलं की अशा गावांच्या मागण्यांवर त्याचं ते वर्ष निघालं. जायचं भाडं वाचलं तर ते कुणाला द्यायचं, हा प्रश्न आमच्या बायांनी आधी विचारला याचा मला अभिमान आहे.

वैनगंगा
हे फारच भारी, ताई. आमच्या मंडळाला हे सुचायला हवं होतं. नाटकाच्या दिवशी घरटी पाहुण्यांवर किती खर्च होतो! मटण, मिठाई, लेकींची साडी. नाटक नाही म्हटल्यावर तो सगळा खर्च वाचला होता. त्यातला थोडा कलाकारांकडे गेला असता.

खोब्रागडीकाठ
थोडं विषयांतर. झाडीपट्टीला झळ बसायला कोरोनाची वाट पाहावी लागली नाही. शंकरपटावर (बैलांच्या शर्यतीवर) २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. आमच्याकडे पट असला की रात्री नाटक ही जोडी. पट गेल्यावर कित्येक गावांनी नाटक मंडईला जोडून घेतलं, तारखा बदलल्या, तरी नाटक चालू ठेवलं. डिसेंबर २०२१ ला पटाला परवानगी आली आणि लगेच रात्रीची संचारबंदी! म्हणजे बैल सुटले अन् नाटक बांधलं गेलं. पण मुद्दा हा की झाडीपट्टी आधीच एकदा स्वतःला बदलून घेऊन जगली आहे. २०२३ ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले. ही रंगभूमी लेचीपेची नाही.

धानकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं सुरुवातीचं मत आता बदलून सांगतो. वस्तू घरोघर नेता येते की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. गर्दी थांबली तेव्हा गावाचा वाचलेला पैसा, वेळ आणि आवाज त्या संस्थेतल्या माणसांकडे वळला की नाही, हे पाहावं. विहाराच्या ताईंनी वळवला. तिवस्याने भोंगा वळवला. आम्ही नाही वळवला, उलट ॲडव्हान्स परत मागायला गेलो.

म्हणून आमच्या मंडळापुढे ठेवायला असा कच्चा मसुदा केला आहे. साथ किंवा सरकारी बंदीमुळे नाटक झालं नाही तर ॲडव्हान्स परत मागायचा नाही; त्याच कंपनीचं नाटक पुढच्या हंगामात तेवढी रक्कम वळती करून घ्यायचं. कंपनीनेही त्या ॲडव्हान्समधून दिलेली उचल कलाकारांकडून परत मागायची नाही. चांगल्या वर्षी तिकीटविक्रीतला एक ठरावीक हिस्सा मंडळाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा, त्याला मंदिराच्या किंवा शाळेच्या कामासाठी हात लावायचा नाही. आणि साकोलीकर म्हणतात तसं, चित्रीकरण केलं तर वाटा आधी लिहून. सिस्टरच्या सूचनेवरून ग्रामपंचायतीला एक अर्ज देणार आहोत की आरोग्याची माहिती द्यायला कलापथक बोलावलं तर मानधनाची तरतूद ग्रामपंचायतीने करावी.

वैनगंगा
दोन शंका. कंपनीच बंद पडली तर ॲडव्हान्स कुणाकडे वळता करणार? आणि सलग दोन हंगाम बंदी आली तर? माझ्या मते पहिल्या वर्षीचा अर्धा ॲडव्हान्स मंडळाने सोडून द्यावा आणि अर्धा वळता करावा. म्हणजे भार दोघांवर. अख्खं ओझं कंपनीवर टाकलं तर ती सही करणार नाही.

ग्रंथपाल_ड_वर्ग
अर्ध्या-अर्ध्याची कल्पना चांगली. आणखी एक, हे सगळे करार, पोस्टर, हिशोबाच्या वह्या गावच्या वाचनालयात एका फाइलमध्ये ठेवा. पेटीमास्तरांना पुराव्यासाठी जे पोस्टर मिळालं नाही ते तिथे मिळेल. आमच्याकडे अशी फाइल मी कालच उघडली, गावातल्या दंडारीच्या (लोकनाट्याच्या) मंडळींची नावं लिहायला सुरुवात केली आहे.

तिवसेकर
उत्तम. आमच्या भजनी मंडळाचीही करतो.

पेटीमास्तर
धानकरी भाऊ, मसुद्यात एक ओळ टाका. नुसतं ‘कलाकार’ लिहू नका. कलाकार म्हटलं की कंपनी पडद्यापुढच्यांचीच नावं देते. पेटी, तबला, ऑर्गन, लाइट, साउंड, परदे ओढणारा, मेकअपवाला अशी प्रत्येकाची नावं आणि उचल करारातच लिहून घ्या, आणि पोस्टरवर वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. वडशाला बुकिंगला जाल तेव्हा कळवा, मी सोबत येतो. कोणत्या कंपनीत कोण वाजवतो ते मला सगळं माहीत आहे.